पिकअप बदलूनही गिटारचा आवाज पातळच राहतो, तेव्हा

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज भरदार येत नाही म्हणून पिकअप (तारांचे कंपन टिपून विजेचा सिग्नल बनवणारा, तारांखालचा चुंबकाचा भाग) बदलले जातात, पहिले काही दिवस फरक जाणवतो, आणि थोड्याच काळात तीच तक्रार पुन्हा सुरू होते: आवाज पातळ आहे, वरच्या तारा कानाला टोचतात, एकट्याने वाजवताना बरे वाटते पण ड्रम आणि बेस सुरू झाले की गिटार हरवते. यामागे बहुतेक वेळा एक साधे कारण असते. नवे पिकअप जुन्यापेक्षा जोरदार असते, आणि तोच आवाज थोडा मोठ्याने ऐकला की कानाला त्यातला खर्जही जास्त ऐकू येतो. त्यामुळे जे केवळ मोठे झाले आहे, ते भरदार झाल्यासारखे वाटते. ॲम्प्लिफायरचा व्हॉल्यूम नेहमीच्या पातळीवर आला की जुना आवाज जसाच्या तसा समोर येतो. म्हणून आणखी एक पिकअप मागवण्याआधी दोन गोष्टींचा निकाल लावावा: आवाज नेमका कुठे पातळ आहे, आणि तो पिकअपमुळेच पातळ आहे का.

पातळपणा कुठे आहे?

ॲम्प्लिफायर क्लीन चॅनेलवर ठेवावा, बास, मिडल आणि ट्रेबल मध्यावर आणावेत, गिटारचे सर्व नॉब पूर्ण उघडावेत आणि निवड-स्विचच्या प्रत्येक स्थितीत एकच कॉर्ड सारख्याच जोराने वाजवावा. या साध्या तपासणीतून चारपैकी एक उत्तर मिळते.

सगळ्याच स्थितींत आवाज पातळ असेल, तर संशय पिकअपच्या बाहेरच्या गोष्टींवर घ्यावा: तारांची जाडी, पिकअपची उंची, व्हॉल्यूमचे पॉट (नॉबखालचा बदलता रोधक), ॲम्प्लिफायर किंवा ज्या इनपुटमध्ये केबल लावली आहे ते इनपुट. फक्त ब्रिजजवळचे (गिटारच्या बुडाकडे तारा जिथे टेकतात तिथले) पिकअप पातळ असेल, तर त्यात बराचसा वाटा भूमितीचा आहे. ब्रिजजवळ तार फारशी हलत नाही आणि तिथे मूळ स्वर दुबळा व वरचे अंशस्वर ठळक असतात. कोणतेही पिकअप बसवले तरी ब्रिजला नेकसारखा (गळ्याकडच्या पिकअपसारखा) आवाज येणार नाही, एवढे आधी मान्य केलेले बरे. दोन्ही पिकअप एकेकटे चांगले वाजतात पण एकत्र केले की आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा होतो, असे असेल तर फेज उलटी आहे, म्हणजे दोन्हींचे सिग्नल एकमेकांना खोडतात. आणि कालपर्यंत नीट वाजणारे एखादे पिकअप अचानक पातळ आणि क्षीण झाले असेल, तर कुठेतरी तार तुटली आहे किंवा सोल्डर सुटले आहे.

या शेवटच्या प्रकाराकडे सर्वांत कमी लक्ष जाते, कारण तुटलेले पिकअप पूर्ण बंद पडेल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे एकमेकांना चिकटून असल्यामुळे, मध्येच तार तुटली तरी वेढ्यांमधल्या कपॅसिटन्समधून (वीज साठवण्याच्या गुणामुळे) वरच्या पट्टीचा थोडा आवाज पलीकडे पोहोचतो. खर्ज आणि मध्य नाहीसे होतात, उरते ती एक चरचरीत, लांबून आल्यासारखी किनार. हा आवाज ऐकून नवे ॲम्प्लिफायर घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

मल्टिमीटर लावून

गिटार उघडण्याची गरज नाही. केबल गिटारला लावावी, व्हॉल्यूम पूर्ण उघडावा, एकच पिकअप निवडावे आणि केबलच्या दुसऱ्या प्लगच्या टोकाला व बाहेरच्या नळीला मल्टिमीटरच्या दोन तारा टेकवून रोध मोजावा. जुन्या घडणीच्या स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) सिंगल कॉइलचा, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपचा, आकडा साधारण ५.५ ते ६.५ किलोओहम येतो, तर साध्या हंबकरचा (दोन वेटोळ्यांच्या पिकअपचा) ७ ते ९. व्हॉल्यूमचे पॉट समांतर जोडलेले असल्यामुळे वाचन खऱ्या आकड्यापेक्षा किंचित कमी दिसते. ६ किलोओहमचे पिकअप २५० किलोओहमच्या पॉटसह सुमारे ५.८६ दाखवते, त्याची काळजी नको.

काळजी करावी असे दोन आकडे आहेत. हंबकरकडून ८ ची अपेक्षा असताना ४ च्या आसपास आकडा आला, तर त्यातले एकच वेटोळे काम करत आहे. कुठल्या तरी नॉबखालचा, एक वेटोळे बंद करणारा ओढायचा स्विच वर राहिलेला नाही ना, हे आधी पाहावे. आणि आकडा २५० किंवा ५०० किलोओहमच्या जवळपास आला, तर मल्टिमीटर पिकअप मोजतच नाही, फक्त पॉट मोजतो आहे. म्हणजे पिकअपचा मार्ग तुटलेला आहे. अशा वेळी पिकगार्ड (गिटारच्या दर्शनी भागावरची पट्टी) उघडून तेच मोजमाप थेट पिकअपच्या तारांवर घ्यावे. तिथे आकडा नीट आला तर दोष सोल्डरचा किंवा स्विचचा आहे आणि खर्च काहीच नाही.

फेज तपासण्यासाठी मल्टिमीटर तसाच जोडलेला ठेवावा. लोखंडी स्क्रूड्रायव्हरचा दांडा पिकअपच्या खांबांवर आडवा टेकवावा आणि झटकन वर उचलावा. उचलताना आकडा क्षणभर वर उडी मारतो किंवा खाली. काट्याचा मीटर असेल तर हे अधिक स्पष्ट दिसते. दोन्ही पिकअपची उडी एकाच दिशेला हवी. नसेल, तर एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करावी. मात्र ज्या पिकअपचे धातूचे झाकण त्याच्या ग्राउंड तारेला जोडलेले असते, उदाहरणार्थ टेलीचे (फेंडर टेलिकास्टरचे) नेक पिकअप, त्याच्या तारा अशा बदलू नयेत. झाकण सिग्नलला जोडले जाते आणि हात लागताच गुणगुण सुरू होते. एक तर झाकणाची जोडणी वेगळी करून तिला स्वतंत्र ग्राउंड द्यावा, किंवा दुसऱ्या पिकअपच्या तारा उलटाव्यात.

चार तारांच्या हंबकरमध्ये ही गडबड पिकअपच्या आतच होऊ शकते, आणि ती होते ती रंगांमुळे. सेमोर डंकनच्या पिकअपमध्ये काळी तार सिग्नलची, हिरवी ग्राउंडची, आणि लाल व पांढरी एकमेकींना जोडायच्या असतात. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, हिरवी ग्राउंडची, आणि काळी व पांढरी एकमेकींना. एकाचे पिकअप दुसऱ्याच्या आकृतीप्रमाणे जोडले, तर दोनपैकी एक वेटोळे उलटे होते: आवाज पातळ व पोकळ येतो आणि वर गुणगुणही वाढते, कारण हंबकर ज्या रचनेने गुणगुण मारतो ती रचनाच उलटलेली असते. पातळ आवाज आणि जास्त गुणगुण ही जोडी हंबकरमध्ये एकत्र दिसली, की आधी रंग तपासावेत.

पिकअप न बदलता

उंचीपासून सुरुवात करावी. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून तारेचा तळ आणि पिकअपच्या खांबाचा माथा यांतले अंतर मोजायचे असते. फेंडर आपल्या जुन्या घडणीच्या सिंगल कॉइलसाठी जाड तारेकडे सुमारे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर सुचवते; हंबकरसाठी गिब्सनचे आकडे ब्रिजला सुमारे १.६ आणि नेकला २.४ आहेत. आवाज भरण्यासाठी पिकअप तारेच्या जितके जवळ न्यावे तितके चांगले, हा समज सिंगल कॉइलच्या बाबतीत उलटा पडतो. तिथे प्रत्येक खांब हाच चुंबक असतो आणि तो तार ओढतो. सहावी तार बाराव्या फ्रेटच्या वर दाबून पाहिली की एकाच स्वरात दोन स्वर एकमेकांवर डोलत असल्यासारखे ऐकू येते, आणि स्वर टिकत नाही. स्क्रू अर्धा फेरा सोडावा, ॲम्प्लिफायर तेवढा वाढवावा आणि पुन्हा ऐकावे. पिकअप खाली गेल्यावर आवाज मोकळा आणि गोल होतो, हे अनेकांना पटत नाही. करून पाहायला मात्र पैसे लागत नाहीत.

पॉटचा प्रश्न अधिक फसवा आहे. सिंगल कॉइलला सहसा २५० किलोओहमचे आणि हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट लावतात. पॉट जितके मोठे, तितकी वरची पट्टी कमी गळते. ज्या गिटारमध्ये ब्रिजला हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल असतात, तिथे हंबकरच्या सोयीसाठी अनेकदा ५०० चे पॉट असते, आणि मग सिंगल कॉइल गरजेपेक्षा टोकदार वाजतात. दोष मात्र त्या बिचाऱ्या सिंगल कॉइलवर जातो. स्विचवर सिंगल कॉइलच्या सिग्नलपासून ग्राउंडपर्यंत ४७० किलोओहमचा रेझिस्टर अशा रीतीने लावला की तो फक्त त्यांच्यासाठी लागू होईल, तर त्यांना सुमारे २४२ किलोओहमचे पॉट असल्यासारखा आवाज मिळतो. छापील आकड्यावर फार विसंबू नये. सामान्य पॉटमध्ये २० टक्क्यांचा फरक चालवून घेतला जातो, म्हणजे २५० लिहिलेले पॉट २०० किंवा ३०० चेही निघते.

स्ट्रॅटच्या पारंपरिक जोडणीत ब्रिज पिकअपला टोन नॉबच नसतो. ब्रिज टोचतो म्हणून ते पिकअप फेकून देण्याआधी, स्विचवरच्या टोनच्या बाजूला तारेचा एक छोटा तुकडा सोल्डर करून मधल्या पिकअपचा टोन ब्रिजलाही द्यावा आणि नॉब सातवर आणावा. माझ्या मते निम्म्या गिटारांची तक्रार इथेच मिटते.

बाकीचे थोडक्यात: ००९ च्या (सर्वांत बारीक तार ०.००९ इंच जाडीची) तारांवरून ०१० च्या तारांवर जाण्याने फरक पडतो, पण त्यानंतर ट्रस रॉड (मानेतली ताण सांभाळणारी सळई) आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणे) पुन्हा पाहावे लागते. ऑडिओ इंटरफेसमध्ये गिटार लाइन इनपुटला न लावता सुमारे १ मेगाओहमच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावावी. आणि डिस्टॉर्शन वाढवून, मिडल शून्यावर नेऊन जर कोणी भरदार आवाज शोधत असेल, तर त्याने आधी मिडल परत आणावे. बँडमध्ये गिटारचा देह मिडलमध्येच असतो.

पिकअप निवडताना काय पाहावे

हे सगळे करूनही समाधान झाले नाही, तर पिकअप बदलण्याला अर्थ आहे. पण खरेदी किलोओहमच्या आकड्यावरून करू नये. रोध हा तारेच्या लांबीवर आणि जाडीवर अवलंबून असतो. ४२ गेजऐवजी त्याहून बारीक ४४ गेजची तार तेवढेच वेढे देऊन गुंडाळली, तर रोध बराच वाढतो आणि आवाजात त्या प्रमाणात बदल होत नाही. एकाच घडणीची, एकाच तारेची दोन पिकअप एकमेकांशी ताडायची असतील तेवढ्यापुरताच हा आकडा उपयोगी आहे. टेलीच्या नेकचा आकडा ब्रिजपेक्षा मोठा दिसतो, तरी तो मऊ वाजतो, याचे कारणही तिथली ४३ गेजची तार आणि धातूचे झाकण हेच आहे.

खरा आकडा इंडक्टन्सचा (प्रवाहातल्या बदलाला वेटोळे करते त्या विरोधाचा), जो हेन्रीमध्ये मोजतात. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलसह सगळ्या जोडणीचा कपॅसिटन्स मिळून एका ठरावीक जागी अनुनाद तयार होतो. त्या जागेच्या आसपासचा आवाज उठतो आणि त्यावरचा झपाट्याने उतरतो. केबलचा कपॅसिटन्स दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरला, तर सहा मीटरच्या केबलचे ६०० आणि पिकअपसह आतल्या तारांचे १२० असे मिळून ७२० पिकोफॅरड होतात. या बेरजेवर २.४ हेन्रीच्या स्ट्रॅट पिकअपचा अनुनाद सुमारे ३.८ किलोहर्ट्झवर येतो, ४.५ हेन्रीच्या जुन्या घडणीच्या हंबकरचा २.८ वर, आणि ८ हेन्रीच्या जोरदार हंबकरचा २.१ वर. म्हणजे आपण ज्याला भरदार म्हणतो, त्यात पिकअपने खर्ज वाढवलेला नसतो. वरची टोकदार पट्टी कमी होऊन उठाव खाली, मध्याकडे सरकलेला असतो. तो किती सरकवायचा, हाच निवडीचा प्रश्न आहे, आणि माझे मत असे की २.५ ते ३ च्या दरम्यान थांबावे. त्याखाली गेलेले पिकअप घरात एकट्याने वाजवताना भव्य वाटते, पण क्लीन कॉर्डमधले स्वर एकमेकांत मिसळून जातात आणि बेससमोर तर ते चिखलासारखे बसते.

हा हिशेब खरेदीआधी कानाने तपासता येतो. स्ट्रॅटच्या व्हॉल्यूम पॉटवर, सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामध्ये १००० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर तात्पुरता लावावा. एकूण बेरीज १७२० झाल्यामुळे त्याच पिकअपचा अनुनाद सुमारे २.५ किलोहर्ट्झवर उतरतो. ताकद हंबकरची येत नाही, गुणगुण जात नाही, पण आवाजाचा पोत कोणत्या दिशेला जाईल ते कळते. तो आवडला नाही, तर जोरदार पिकअपही बहुधा आवडणार नाही. आवडला, आणि एवढ्यावरच समाधान झाले, तर कपॅसिटर तिथेच राहू द्यावा.

स्ट्रॅटसारख्या गिटारमध्ये लाकूड न कापता बसणारे पर्याय तीन आहेत. ब्रिजला थोडे जास्त वेढे दिलेले, ७ ते ८ किलोओहमचे अल्निको (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या चुंबकाचे) सिंगल कॉइल हा पहिला. बाकी दोन पिकअप तसेच ठेवता येतात आणि गिटारचा स्वभाव बदलत नाही. त्याच्या खाली टेलीप्रमाणे पोलादी पट्टी असली तर इंडक्टन्स आणखी थोडा वाढतो. दुसरा पर्याय सिंगल कॉइलच्या आकाराचे हंबकर, आणि इथे दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाखाली विकल्या जातात. एकावर एक वेटोळी असलेले स्टॅक प्रकारचे पिकअप गुणगुण काढण्यासाठी असते. ते मुद्दाम सिंगल कॉइलसारखेच वाजवले जाते, त्यामुळे भरदारपणासाठी ते घेऊ नये. शेजारीशेजारी वेटोळी आणि वर दोन पोलादी पट्ट्या असलेले रेल प्रकारचे पिकअप खरोखर जाड वाजते, पण २५० च्या पॉटवर ते सहज मंद होते. तिसरा पर्याय म्हणजे पिकअपला हातच न लावता नेक आणि ब्रिज, किंवा नेक आणि मधले, एका स्विचने सिरीजमध्ये (एकापाठोपाठ एक) जोडणे. टेलीमध्ये चार स्थितींचा स्विच बसवून हे करतात. सिरीजमधला आवाज समांतरपेक्षा मोठा आणि घट्ट असतो. टेलीच्या नेक झाकणाचा वर सांगितलेला नियम इथेही लागू आहे.

ज्यांना सिंगल कॉइलची धार हवी आहे पण तिच्या मागे शरीरही हवे आहे, त्यांनी पी-९० कडे पाहावे. १९४६ मध्ये आलेले हे पिकअप सिंगल कॉइलच आहे, मात्र त्याचे वेटोळे रुंद व बसके असते आणि चुंबक खाली आडवे ठेवलेले असतात. हंबकरच्या आकारात बसणारेही मिळते. गुणगुण मात्र पूर्ण सहन करावी लागते.

हंबकरच्या गिटारमध्ये आवाज भरत नसेल, तर उपाय बहुतेकदा कमी ताकदीच्या दिशेला असतो, जास्त नाही. सेथ लव्हर यांच्या हंबकरसाठी गिब्सनने १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि ते १९५९ मध्ये मिळाले. मधल्या काळातल्या पिकअपच्या तळाशी अर्ज केल्याची ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी असे, तिच्या आद्याक्षरांवरून (PAF) त्यांना पॅफ म्हणतात. त्या पिकअपमध्ये वेढ्यांची संख्या सारखी नव्हती, म्हणून आजच्या एखाद्या पिकअपवर पॅफ लिहिले आहे यावरून फक्त दिशा कळते, आवाज कळत नाही. अल्निको २ असेल तर स्वराची सुरुवात मऊ, खर्ज थोडा सैल. अल्निको ५ असेल तर खर्ज घट्ट, वरची पट्टी उजळ. सिरॅमिक चुंबक वाईट नसतो, पण तो सहसा जास्त वेढ्यांच्या पिकअपमध्ये येतो आणि त्या वेढ्यांचा दोष त्याच्या नावावर जमा होतो. ७.५ ते ८.५ किलोओहमचा अल्निको हंबकर ब्रिजला आणि त्याहून थोडा कमी नेकला, अशी जोडी मी बहुतेकांना सुचवेन.

मागवण्याआधी तीन मोजमापे घ्यावीत. ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेचे अंतर: गिब्सन पद्धतीच्या पिकअपमध्ये खांबांची रुंदी सुमारे ५० मिलिमीटर असते, तर ट्रेमोलोच्या (सूर हलवणाऱ्या दांडीच्या) गिटारसाठी ५२ ते ५३ ची वेगळी आवृत्ती येते. पिकअपच्या खाचेची खोली, कारण लांब पायांचे पिकअप उथळ खाचेत बसत नाही. आणि स्ट्रॅटमधले एकच पिकअप बदलायचे असेल, तर मधले उलट वेढ्यांचे व उलट ध्रुवांचे आहे का. नव्याची फेज बाकीच्यांशी जुळली नाही तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या स्थितीत, म्हणजे दोन पिकअप एकत्र असताना, पुन्हा तोच पोकळ आवाज येईल, आणि फेज जुळून ध्रुव जुळले नाहीत तर त्या स्थितींत गुणगुण राहील.

बसवल्यावर

पिकगार्ड स्क्रूने बंद करण्याआधी केबल लावून स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक पिकअपच्या खांबांवर टकटक करावी आणि स्विचच्या स्थितीप्रमाणे योग्य तेच पिकअप बोलते याची खात्री करावी. तारा चढवून सुरात आणल्यावर उंची नव्याने लावावी: आधी ब्रिज पिकअप सांगितलेल्या अंतरावर, मग नेक हळूहळू खाली, दोन्हींचा आवाज सारख्या जोराचा होईपर्यंत. तुलना करायची असेल तर जुने पिकअप काढण्याआधीच एक छोटे रेकॉर्डिंग करून ठेवावे, आणि नव्याच्या रेकॉर्डिंगची पातळी त्याच्याएवढी आणूनच दोन्ही ऐकावीत.